दाजींच्या भटारखान्यातला लाल सिलिंडर

राजारामपुरीच्या एका गल्लीत माझ्या दाजींचं मिसळ-कटवड्याचं छोटं हॉटेल आहे. गेल्या पावसाळ्यात एकदा सकाळची गर्दी ओसरल्यावर मी आत भटारखान्यात डोकावलो. वड्याच्या कढईच्या बरोबर वर, भिंतीला, लाल फायर सिलिंडर टांगलेला. हँडलला दोन ॲप्रन आणि एक पुसणं अडकवलेलं. काळ्या कर्ण्यावर तेलाचा थर, त्यावर पिठाची धूळ.

"दाजी, ह्यात काय आहे?"

"आगीचा हाय त्यो."

"आगीचा खरा, पण आत काय भरलंय?"

दाजींनी सिलिंडरकडे वरून खाली एकदा बघितलं. "गॅस असंल की. दरसाल एक पोरगा येतो, फडक्यानं पुसतो, नवा स्टिकर लावतो, पैसे घेऊन जातो. आजपतोर एक कंप्लेंट न्हाई."

आग लागल्याशिवाय कंप्लेंट येणार तरी कुठून?

मी शिरोलीच्या एका फौंड्रीत मेंटेनन्सला आहे. कारखान्यातले सगळे फायर सिलिंडर आणि त्यांचं रजिस्टर माझ्याकडेच असतं. त्यामुळे नातेवाईक आणि ओळखीचे दुकानदार हमखास विचारतात, "चांगल्यातला कुठला घेऊ?" ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं, त्यानंतरचे काही आठवडे तर मला दुसरा विषयच नव्हता. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती, आणि शाहू महाराजांनी उभारलेलं ते थिएटर काळं पडलेलं. सगळं कोल्हापूर हळहळलं, आणि जो तो आपापल्या दुकानाच्या भिंतीकडे बघायला लागला. एवढ्या आगीपुढे हातातल्या सिलिंडरचं काही चालत नाही, हे आधी सांगतो. सहा किलोचा पावडर सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो. कचऱ्याचा डबा पेटला, बोर्डातून धूर निघाला, कढईनं पेट घेतला, अशा पहिल्या दोन मिनिटांसाठी तो असतो.

म्हणून "चांगल्यातला कुठला" हा प्रश्नच मला पटत नाही. तुमच्याकडे काय जळेल आणि त्या वेळी तिथं कोण उभं असेल, एवढं सांगा. कुठला घ्यायचा ते त्यातूनच ठरतं.

काय जळतं त्यावरून आगीचे वर्ग पाडले आहेत. लाकूड, कागद, कापड, पोती म्हणजे ए. पेट्रोल, थिनर, रंग, चपला चिकटवायचं सोल्युशन असे पेटणारे द्रव म्हणजे बी. एलपीजी, ॲसिटिलीनसारखे वायू म्हणजे सी. मॅग्नेशियम, ॲल्युमिनियमचा कीस असे धातू म्हणजे डी. आणि तळणाचं तेल म्हणजे एफ. विजेला आपल्याकडे स्वतंत्र अक्षर नाही, कारण वीज स्वतः जळत नाही, आग लावून देते. मोबाईलवर अमेरिकन व्हिडिओ बघून कुणी गोंधळू नका. त्यांच्याकडे सी म्हणजे विजेची आग आणि स्वयंपाकघरासाठी के. सिलिंडर इथल्या बाजारातून घेणार असाल तर इथली अक्षरं वाचा.

दाजींच्या भिंतीवर होता सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड. काळा कर्णा दिसला आणि दाब दाखवणारा काटा दिसला नाही, की ओळखायचं. विजेच्या पॅनेलला हा झकास. वीज वाहून नेत नाही आणि मागे कचरा ठेवत नाही. पण तळणाच्या कढईला याच्याइतका वाईट सोबती नाही. जोरानं सुटलेला गॅस उकळतं तेल उडवतो आणि पेटलेलं तेल ओट्यावर, अंगावर येतं. ज्वाळा विझल्याच, तरी तेल थंड झालेलं नसतं. तेल तापून तापून आपोआप पेटण्याच्या पुढं गेलेलं असेल, साधारण साडेतीनशे अंशांच्या आसपास, तर गॅस पांगला की ते पुन्हा भडकतं.

पाणी तर विचारूच नका. एक लिटर पाण्याची वाफ सतराशे लिटरच्या घरात जाते. पाणी तेलापेक्षा जड असल्यानं तळाशी जातं, तिथं क्षणात वाफ होते आणि ती वाफ वरचं पेटतं तेल छतापर्यंत उडवते. तांब्याभर पाण्यानं अख्खा भटारखाना पेटू शकतो.

कढईसाठी वेट केमिकल नावाचा वेगळा सिलिंडर मिळतो. त्यात पोटॅशियमच्या क्षारांचं पाणी असतं. लांब नळीच्या टोकातून ते बारीक फवाऱ्यासारखं हळुवार पडतं. गरम तेलाशी त्याची गाठ पडली की तेलाचा वरचा थर चक्क साबण होतो. आपल्या आजीच्या काळात चुन्या-कॉस्टिकात तेल घालून साबण करायचे, तोच प्रकार. त्या साबणाच्या फेसाची साय तेलावर धरते, हवा तुटते आणि पाण्यामुळे तेल निवतं. इतरांपेक्षा महाग आहे, आणि हॉटेलवाले तिथंच अडतात. पण दिवसाला दोन-तीन डबे तेल कढईत जात असेल, तर दुसऱ्या कुठल्या सिलिंडरवर पैसे घालवण्यात अर्थ नाही. शेजारी घट्ट बसणारं एक मोठं झाकण आणि एक फायर ब्लँकेट ठेवलं की काम भागतं. कढई पेटली की आधी गॅसचा कॉक बंद करायचा, मग झाकण. कढई उचलून बाहेर पळायचं नाही.

एलपीजीचंही असंच. गळत्या पाइपच्या टोकाला ज्वाळा असेल तर आधी कॉक बंद करा. कॉक बंद न करता नुसती ज्वाळा विझवलीत, तर गॅस येतच राहतो. तो हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत पसरत जातो आणि पुढच्या ठिणगीची वाट बघतो.

उरलेल्या बहुतेक दुकानांना एबीसी पावडर पुरते. मोनोअमोनियम फॉस्फेटची ही पिवळट पावडर तिन्ही वर्गांच्या आगीवर आणि विजेच्या बोर्डावर चालते. रंगाचं दुकान, चपलांचं वर्कशॉप, किराणा, मेडिकल, सगळ्यांना चार किंवा सहा किलोचा ठीक. चपलांच्या वर्कशॉपवाल्यांनी मात्र एक बघावं. सोल्युशनचा उघडा डबा पायाशी आणि त्याच हाताच्या अंतरावर चामड्याची रास असते. तिथं सिलिंडर डब्यापासून दूर, दाराकडच्या बाजूला लावा. आग लागलेल्या डब्यावरून हात घालून कुणी सिलिंडर काढणार नाही.

संगणक, झेरॉक्स, बिलिंग मशीन असतील तिथं पावडरीचा तोटा कळतो. आग विझते, पण ती बारीक पूड मशिनात शिरते, आपल्या पावसाळी दमटपणात ओलावा धरते आणि सर्किट खाते. तिथं सीओटू किंवा क्लीन एजंट, म्हणजे मागे पूड न ठेवणारा सिलिंडर, घ्यावा. सीओटू घेतलात तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. गॅस सुटताना कर्णा इतका गार होतो की उघड्या हातानं धरला तर कातडी चिकटते. आणि दार बंद असलेल्या बारक्या खोलीत तो माणसाची हवाही काढून घेतो, तेव्हा मारा आणि लगेच बाहेर पडा.

मार्केट यार्डातल्या गुळाच्या रव्यांना, पोत्यांना, इचलकरंजीच्या मागावरच्या सुताला मी साध्या पाण्याचा नऊ लिटरचा सिलिंडर सुचवतो. लोक हसतात. पण पोत्याच्या आत धुमसणारी आग वरून पावडर मारून विझत नाही, ती भिजवावी लागते. सुताच्या फुसांवर सीओटूचा झोत मारलात तर पेटलेली फुसं उडून चार मागांवर जातील. अट एकच, आधी मेन स्विच पाडायचा.

आता माझ्या घरचा विषय. फौंड्रीत पाणी आणि वितळलेलं मेटल यांची गाठ पडू द्यायची नसते, हे तिथला नवा पोरगाही पहिल्या आठवड्यात शिकतो. पण मेटलवर वाळू टाकायची म्हटली की तोच पोरगा मोल्डिंगची, म्हणजे साचे बांधायची वाळू उचलतो, कारण ती समोर ढिगानं पडलेली असते. त्या वाळूत ओल असते, ओलीशिवाय मोल्ड बांधलाच जात नाही. तप्त मेटलवर ती पडली की वाफेचा भडका. म्हणून आमच्याकडे कोरड्या वाळूचे झाकणाचे डबे वेगळे ठेवलेत, आणि पावसाळ्यात मी स्वतः हात घालून बघतो. एसजी आयर्न, म्हणजे मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट बीड, ओतणाऱ्यांकडे मॅग्नेशियमवाला मिश्रधातू असतोच, कुठं मॅग्नेशियमचा कीसही असतो. मॅग्नेशियम पेटलं तर सीओटू मारू नका. त्या वायूतला ऑक्सिजन ओढून घेऊन ते आणखी जोमानं जळतं. एबीसीही तिथं कामाची नाही. धातूसाठी डी वर्गाची पावडर वेगळी मिळते, ती लांब नळीनं अलगद पसरायची असते.

लिथियम बॅटऱ्यांच्या बाबतीत मी कुणाला फार धीर देत नाही. ई-स्कूटरच्या शोरूममध्ये बॅटरी पेटली तर पावडरीनं ज्वाळा दबतात, आतली उष्णता दबत नाही. माणसं बाहेर काढा आणि १०१ लावा.

तर दाजींचा सिलिंडर. सीओटूला काटा नसतो, मग तो भरलेला आहे हे कळायचं कसं? वजनावरून. दाजींच्याकडे फरसाण तोलायचा इलेक्ट्रॉनिक काटा होताच. तेल पुसून सिलिंडर त्यावर उभा केला. लेबलवर लिहिलेलं होतं, गॅस साडेचार किलो, भरलेल्याचं एकूण वजन १५.२ किलो. काट्यावर आले ११.९. म्हणजे सव्वातीन किलोच्या वर गॅस कधीच उडून गेलेला, आत सव्वा किलो शिल्लक. आणि स्टिकर दोन महिन्यांपूर्वीचा! दहा टक्क्यांहून जास्त गॅस कमी झाला की सिलिंडर रिफिलला काढायचा असतो, इथं सत्तर टक्क्यांच्या वर गेला होता. दाजी काट्याकडे बघत राहिले. फरसाणात पाच ग्रॅम इकडं तिकडं झालेलं त्यांना खपत नाही.

पावडर, पाणी, फोमच्या सिलिंडरांना काटा असतो. तो हिरव्या पट्ट्यात पाहिजे. खाली लाल पट्ट्यात असेल तर दाब गेलाय. पण काटा हिरवा असला म्हणजे निवांत झोपायचं, असंही नाही. पावडर दमटपणानं तळाशी घट्ट बसते. काटा हिरवाच राहतो, मूठ दाबली की नुसता गॅस फुस्स करून जातो आणि पावडर आतच. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते, तेव्हा महिन्यातून एकदा सिलिंडर भिंतीवरून काढून उलटा करा आणि हलवा. आत पूड सरकल्याचं हाताला जाणवतं. जाणवलं नाही तर उघडून बघायला लावा.

हात लागलाच आहे तर पिन आणि सील जागेवर आहे का बघा. नळीच्या तोंडात काडी घालून बघा. आमच्या स्टोअरच्या मागच्या सिलिंडरच्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घरटं बांधलं होतं, बाहेरून काहीच दिसत नव्हतं. बुडाला गंज आहे का तेही बघा. हॉटेलात फरशी रोज धुतात, सिलिंडर खाली ठेवलेला असतो आणि बूड खालून कुजत जातं. आत दाब असलेलं भांडं बुडाशी कुजलेलं असणं ही गंमत नव्हे.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरात शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरच्या दुकानांत पंचगंगेचं पाणी शिरलं. कित्येकांनी पाणी ओसरल्यावर सिलिंडर धुतला, पुसला आणि परत टांगला. पुरात बुडालेला सिलिंडर असा टांगू नये. गाळ नळीत आणि व्हॉल्व्हखाली बसतो, काट्यात पाणी जातं. तो उघडून, वाळवून, दाबाची चाचणी करूनच परत यायला हवा.

दाबाची चाचणी म्हणजे आत पाणी भरून, नेहमीपेक्षा बराच जास्त दाब देऊन भांडं टिकतं का बघणं. दाब भरून ठेवलेल्या पावडर-पाण्याच्या सिलिंडरांची ती दर ३ वर्षांनी करायची असते, सीओटूची दर ५ वर्षांनी. भांड्याचंही आयुष्य ठरलेलं आहे. पावडर, पाणी, फोमचे १० वर्षं, सीओटूचे १५. तारीख अंगावर कोरलेली किंवा छापलेली असते. ती खरवडून काढलेला सिलिंडर स्वस्तात मिळत असेल तर घेऊ नका. नवा घेताना आयएसआयचा शिक्का आणि त्यासोबत आयएस १५६८३ हा आकडा बघा. लेबलवर ए आणि बीच्या आधी एकेक अंकही असतो. तो जितका मोठा, तितकी मोठी चाचणीची आग त्या सिलिंडरनं विझवलेली असते. दोन कंपन्यांचे सहा-सहा किलोचे सिलिंडर शेजारी ठेवून हे अंक वाचा, वजन सारखं असूनही कधी कधी फरक दिसतो.

रिफिलवाला आला की त्याला चहा द्या, पण त्याच्या शेजारी उभेही राहा. सिलिंडर घेऊन जाणार असेल तर बदली सिलिंडर ठेवून जा म्हणावं. नेताना वजन लिहून घ्या, आणल्यावर पुन्हा करा. जुनी पावडर दाखवायला सांगा. नुसतं फडकं मारून स्टिकर लावणाऱ्याला हे जड जातं, काम करणाऱ्याला नाही.

कागदाचं थोडक्यात. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा आहे. त्याखाली येणाऱ्या इमारतींच्या मालकानं किंवा भोगवटादारानं दर जानेवारी आणि जुलैत, यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा फॉर्म बी द्यायचा असतो. तो शासनाचा परवाना असलेल्या एजन्सीकडूनच घ्यावा लागतो. एजन्सीकडे परवाना आहे का, हे महाराष्ट्र अग्निशमन सेवा संचालनालयाच्या यादीत बघता येतं. शहरातल्या दुकानाचा संबंध महापालिकेच्या अग्निशमन दलाशी येतो, एमआयडीसीतल्या शेडचा एमआयडीसीच्या. गाळा भाड्याचा आहे म्हणून तुम्ही सुटत नाही, तो शब्द "भोगवटादार" त्यासाठीच आहे.

जागा ठरवताना एकच विचार करायचा. सिलिंडर हातात आला की पाठ दाराकडे राहिली पाहिजे. म्हणून दाराजवळ, सहज हात पोचेल इतक्या उंचीवर, आणि दुकानातल्या कुठल्याही कोपऱ्यातून १५ मीटरपेक्षा जास्त चालावं लागणार नाही असा. दिवाळीच्या मालाच्या खोक्यांमागे गेलेला सिलिंडर नसल्यातच जमा. छताला लावायचे आपोआप फुटणारे गोळेही मिळतात, त्यांच्या काचेच्या नळीचा रंग बघा. लाल नळी ६८ अंशांना फुटते. भट्टीच्या वर ती लावलीत तर एखाद्या उन्हाळ्यात भर गर्दीत मिसळीवर पावडर पडेल. तिथं ९३ अंशांची हिरवी लागते.

दाजींनी शेवटी कढईसाठी वेट केमिकल घेतला आणि गल्ल्याजवळ चार किलोचा एबीसी. जुना सीओटू भरून आणि चाचणी करून मीटरच्या बोर्डाजवळ गेला. माणसांचं काय, म्हणून एका सोमवारी सुट्टीच्या दिवशी आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या रानात गेलो. शेजारच्या झेरॉक्सवाल्याचा एबीसी रिफिलला निघालाच होता, तो मागून घेतला. रिफिलचा माणूसही आला. घमेल्यात भुसा, त्यावर थोडं डिझेल, बाजूला पाण्याच्या दोन बादल्या.

पहिला नंबर वड्यावरच्या पोराचा. पिन ओढायच्या आधीच त्यानं जोर लावून मूठ दाबली, त्यामुळे पिनच अडकली. मूठ सोड, मग पिन निघते. मग त्यानं नळी ज्वाळेच्या शेंड्यावर धरली, पावडर वरून निघून गेली, आग तशीच. "बुडावर मार रं, बुडावर!" सगळे ओरडायला लागले. आक्कानं सिलिंडर त्याच्या हातातून घेतला, वाऱ्याकडे पाठ केली, दोन-अडीच मीटरवर उभी राहिली आणि घमेल्याच्या काठावरून डावीकडून उजवीकडे झाडू मारावा तशी नळी फिरवली. तीन सेकंदांत काम संपलं.

दाजींनी सिलिंडर हलवून बघितला. "निम्मा हाय की अजून. काटा बी हिरव्यातच हाय. रिफिलला कशाला घालवायचा? ठिवू तसाच."

मी म्हटलं, तसाच ठेवा, उद्या सकाळी बघा. एकदा मूठ दाबली की पावडरीचे कण व्हॉल्व्हच्या सीलखाली अडकतात, ते पूर्ण बसत नाही आणि दाब रातोरात सुटतो. एक फुंकर मारलेला सिलिंडरही रिकाम्यात धरायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, मिसळीची पहिली गर्दी चालू असताना, दाजींचा फोन आला. "काटा पार झोपलाय गा."